अकरा दिवसांचा खंड

प्रिय ताई,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट आधी बाजूला ठेवशील, मग चहा झाल्यावर उघडशील. हाताने लिहितोय, कारण इस्पितळाचा सगळा पत्रव्यवहारही आता त्याच परदेशी कंपनीच्या संगणकांवरून जातो. आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण तिच्याबद्दल बोललेलं तेवढं नेमकं ऐकू जातं.

इस्पितळाच्या तळघरातल्या तुझ्या संगणकखोलीत हल्ली मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवतात. सगळ्या नोंदी त्या कंपनीकडे हलवायचं ठरलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "यंत्र आपलं, रुग्ण आपले आणि कुलूप मात्र त्यांचं? निदान नोंदींची एक प्रत खाली राहू दे." मी व्यवस्थापक, मला खोली रिकामी हवी होती. शिवाय चारचौघांत धाकट्या भावाला शहाणपण शिकवतेस, हेही झोंबलं होतं. तू राजीनामा दिलास तेव्हा मी अडवलंही नाही.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी किरणोपचाराच्या पडद्यावर एकच ओळ आली: ही सेवा आपल्या देशासाठी थांबवण्यात आली आहे. त्यांच्या सरकारचा कसलासा हुकूम. आपलं यंत्र धडधाकट होतं, पण कुणाला, कुठून, किती किरण द्यायचे, ते सगळे आराखडे सातासमुद्रापार.

अकरा दिवस मी फोन लावत बसलो. पलीकडे रोज नवा गोड आवाज, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." बाहेर बाकावर एक शिंपीकाका रोज ठरल्या वेळी येऊन बसायचे. घशाचा कर्करोग, तेहतीसपैकी अठरा वेळा किरण देऊन झालेले. घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "साहेब, यंत्राचा दिवा तर लागलाय की!" पण नवा आराखडा करायचा तर आधीच्या अठरा वेळांची नोंद हवी, तीही तिकडेच. दुसऱ्या इस्पितळात पाठवावं, तर तिथेही हीच कंपनी.

बाराव्या दिवशी सेवा गेली तशीच परत आली. दिलगिरीचा शब्द नाही. काकांची गाठ मात्र वाढली होती. त्या खंडामुळेच, असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे म्हणत नाहीत. नाही, असंही म्हणत नाहीत. परवा त्यांचं स्वरयंत्र काढलं. आदल्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, माझ्या कोटाची उसवलेली बाही पाहून म्हणाले, "आणून द्या, शिवून देतो." त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

आणि काल त्याच कंपनीशी मी पुढच्या पाच वर्षांचा करार केला. हसू नकोस. बाहेर पडायला वीस महिने लागतील, आराखडे त्यांच्याच प्रणालीत उघडतात आणि बाकावर रोज सत्तर माणसं असतात. सही केली नसती तर पडदा पुन्हा काळा. दुसरा कागदच समोर नव्हता.

या खंडाची चौकशी करायला नेमलेल्या समितीने मला विचारलं, "असं होईल, हे आधी कुणी सांगितलं होतं का?" मी म्हणालो, "नाही." हाच इशारा देणारं तुझं तीन पानी टिपण तेव्हा माझ्याच कपाटात होतं; वर माझ्या अक्षरात शेरा, 'अनावश्यक'. ते समितीला स्वतः नेऊन देण्याचं धैर्य मला झालं नाही. माझ्याजवळ राहिलं तर मी ते फाडीन, आज सकाळी दोनदा हातात घेतलं होतं. म्हणून या पाकिटात घातलंय. समिती तुलाही बोलावणार आहे. लहानपणी मी काच फोडली की तू बाबांपुढे उभी राहायचीस. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझाच,
धाकटा