शाळेच्या फाटकावरचा फॅन

प्रिय दादा,

आपल्या रॅपमध्ये मी माझ्या लेकीचं 'चिऊ' हे लाडाचं नाव घेतलं. "बापाच्या काळजातली ओळ आहे, राहू दे," असं तू स्टुडिओत म्हणालास, आणि मलाही ती आवडली. गाणं घराघरांत पोचलं.

काल शाळा सुटली तेव्हा एक अनोळखी माणूस फाटकापाशी तिच्यापुढे उकिडवा बसला होता. तो तीच ओळ म्हणत होता आणि चिऊ त्याचं बोट धरून हसत होती. मी धावत जाऊन तिला उचललं.

"घाबरता काय? फॅन आहे मी," तो म्हणाला. असेलही.

घरी विचारलं, "ओळख नसताना बोट का धरलंस?"

"त्यांना माझं नाव माहीत होतं ना, बाबा."

तेव्हापासून दाराची बेल वाजली की मी आधी चिऊला आतल्या खोलीत पाठवतो. आज तुझा निरोप आला, की दुसरा भाग करू, या वेळी तिलाच माइकपुढे उभी करू. मी नाही म्हणून कळवलं, कारण सांगितलं नाही. ते इथे लिहिलंय, पण पाठवणार नाही. वाचून तुझे डोळे भरतील आणि तू याचंच गाणं करशील. ते इतकं छान होईल की मीही गायला येईन, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

तुझाच,
धाकटा