बाजूच्या सीटचा दिवा

कॉटनवुड फ्लॅट, मोंटाना
४ नोव्हेंबर

ती. रॅग्नाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लेफ्शांचा, तुझ्या त्या बटाट्याच्या पोळ्यांचा डबा, दोन्ही पोचलं. डबा पोस्टात चेपला होता, पण चवीला धक्का लागला नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि इथे वारा सुटला की तारा पडतात, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं.

नव्या गाडीने डोकं उठवलंय. ही मोठी डिझेल पिकअप मी वसंतात घेतली आणि घेतल्या घेतल्या तिच्यात फेरफार केले, हे तुला ठाऊक आहे. खालून उचलून घेतली, दांडगे टायर टाकले, टपावर दिवे बसवले. यापुढे माझ्या घरातली गाडी बर्फात अडकायची नाही, असं मी ठरवलं होतं. बाजूच्या सीटला गरम होणारी गादीही मीच बसवली. आता महिनाभर त्याच सीटच्या पट्ट्याचा लाल दिवा लागतो आणि टिंग टिंग वाजत राहतं, जणू कुणी पट्टा न लावता बसलंय. सीटवर माझी टोपीसुद्धा नसते.

शोरूममध्ये नेली. सर्व्हिसच्या टेबलावरचा मर्ल खिशात हात घालून गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, एवढं सगळं बदललंत, आता वॉरंटी विसरा. मी म्हटलं, अरे, गाडीला वर्ष झालं नाही. तर म्हणे, गाडीला नसेल झालं, पण ही आमची गाडी राहिलीच कुठे? तू जन्मभर अशाच टेबलामागे बसलीस. काय करू ते सांग.

लोभ आहेच, रागवायचं ते जरा बेताने रागव, एवढंच मागणं.

तुझा
हाल्वर


मायनॉट, नॉर्थ डकोटा
११ नोव्हेंबर

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद.

मर्लला माझा निरोप सांग: वॉरंटी म्हणजे दूध नव्हे, लिंबाचा एक थेंब पडला की सगळं नासायला. तू गाडी उंच केलीस आणि उद्या पुढच्या चाकांचे सांधे मोडले, तर ते तुझं तू गिळायचं. पण उंच गाडीमुळे सीटचा दिवा लागतो, हे त्यांनी दाखवून द्यायला हवं. नुसतं तोंडाने बोलून चालत नाही. माझ्या कुठल्या बदलामुळे कुठला बिघाड झाला ते लिहून द्या, असं शांतपणे म्हण. मी टेबलामागे असताना हे वाक्य ऐकलं की माझ्या साहेबाचा चेहरा उतरायचा.

मात्र गादीच्या बाबतीत तू पकडला गेलास, बाळा. सीटच्या तारांना तू हात लावलास, म्हणजे तिथे त्यांना बोलायला जागा आहे. ती गादी काढ, सीट होती तशी कर आणि मग ने. तरीही दिवा लागला तर ते दुखणं त्यांचं. आणि शेजारचा कुणी शहाणा इंजिनाचा प्रोग्राम बदलून जोर वाढवून देतो म्हणाला तर त्याला कॉफी पाजून घरी पाठव. नंतर काढून टाकला तरी आतला संगणक विसरत नाही, आणि मग इंजिनाची वॉरंटी गेलीच म्हणून समज.

एक मला सांग. दिवा केव्हा लागतो? थंडीत, खड्ड्यात, की वळणावर? बिघाड कुठे होतो ते कळल्याशिवाय का होतो ते कळत नाही.

नुसते बटाटे उकडून खाऊ नकोस. माया आहे म्हणून बोलते, ती आटू देऊ नकोस.

तुझी
रॅग्ना


कॉटनवुड फ्लॅट
२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझं वाक्य मर्लला ऐकवलं आणि त्याचा चेहरा तू म्हणालीस तसाच उतरला. गादी काढली. एवढ्यावर थांबलो नाही. टायर जुने चढवले, दिवे उतरवले, गाडी खाली आणली. कंपनीला एक शब्द बोलायला जागा ठेवली नाही. त्यांनी निमूटपणे सीटचा सेन्सर फुकटात बदलला, मग त्याच्या ताराही बदलल्या. दिवा लागतोच.

तू विचारलंस, केव्हा लागतो. मी लक्ष ठेवलं. थंडीचा, खड्ड्यांचा संबंध नाही. गावाकडून घरी येताना जुन्या शाळेच्या कुंपणाशी लागतो आणि आपल्या फाटकापाशी विझतो. रोज. जाताना कधीच नाही.

कुठलं कुंपण ते तुला सांगायला नको. जानेवारीत गाडी बर्फात अडकली, तेव्हा अल्विना तिथेच गोठलेली सापडली.

शोरूममध्ये दिवा लागत नाही, म्हणून मर्लने लॉनी नावाच्या मेकॅनिकला माझ्याबरोबर पाठवलं. तो बाजूच्या सीटवर बसला, पट्टा लावला, त्याच्या पोरींच्या बास्केटबॉलचं सांगत होता. शाळा आली आणि समोर डॅशबोर्डवर मागच्या सीटचा दिवा लागला. लॉनीने हातातल्या तपासणीच्या यंत्राकडे पाहिलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही, मीही नाही. फाटकाशी दिवा विझल्यावर त्याने मला विचारलं, तुमच्याकडे कुणी लहानखुरं, अंगाने हलकं होतं का? मी म्हटलं, माझी बायको. का? तर म्हणाला, काही नाही, सेन्सर जेमतेम वजन दाखवत होता. कागदावर त्याने बिघाड आढळला नाही असं लिहिलं आणि जाताना, ही गाडी पुन्हा माझ्याकडे आणू नका, असं हळूच सांगून गेला.

ताई, तुला आठवतं ना, अल्विना गाडीत बसली की आधी बोलायला सुरुवात करायची. पट्टा लाव म्हटलं की म्हणायची, बातमी तरी पुरी होऊ दे. आता शाळा आली की मी थांबतो आणि हात लांबवून तो पट्टा मीच लावतो. मग टिंग टिंग बंद होतं. गाडीत फार छान शांत वाटतं.

काळजी करू नकोस, आणि आठवण मात्र ठेव.

तुझा
हाल्वर


मायनॉट
९ डिसेंबर

चि. हाल्वर,
आशीर्वाद.

नाताळला मी येते आहे. नको म्हणू नकोस; पत्र पोचेपर्यंत माझी बॅग भरून झालेली असेल. तुमच्या पोस्टमास्तरीणबाईंनी मला दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांचं म्हणणं, तू हल्ली दिवसभर शाळा ते फाटक, फाटक ते शाळा अशा फेऱ्या मारतोस, परवा वादळाचा इशारा असतानाही मारल्यास, आणि गुरांना चारा शेजाऱ्याने घातला. हे खरं असलं तर मला तोंडावर सांग.

माझी छोटी गाडी म्हातारी आहे, पण माझ्यासारखीच, चालते. भेटीपर्यंत जपून राहा.

तुझी
रॅग्ना


कॉटनवुड फ्लॅट
३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तू आठवडाभर राहिलीस, घर आवरलंस, मला दटावलंस, सगळं बरं वाटलं. आपण चर्चहून येताना तू आपण होऊन मागे बसलीस आणि पुढची जागा मोकळी सोडलीस, ते मी पाहिलं.

पण ताई, तू गेलीस त्या दिवसापासून दिवा लागत नाही. शाळेपाशी थांबतो, इंजिन चालू ठेवून बसतो, पट्टा लावून बघतो, काढून बघतो. काही नाही. कंपनीने पुन्हा काही केलं असेल म्हणून मर्लकडे गेलो, तर तो खूश. म्हणाला, बघा, आमचा नवा सेन्सर बसला एकदाचा जागेवर! त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. मग रागाने घरी येऊन मी ती गरम गादी पुन्हा बसवली. जाऊ दे ती वॉरंटी. तिला थंडी वाजत असेल म्हणून येत नसेल, असं वाटलं. तरीही ती आली नाही.

माझं काही चुकलं का? तुला काही दिसलं होतं का? खरं लिही.

तुझा
हाल्वर


मायनॉट
८ जानेवारी

चि. हाल्वर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. जे केलं ते मी केलं.

निघाले त्या सकाळी तू फाटकाशी हात हलवत उभा होतास. तुझ्या कोटात दोन हाल्वर मावले असते, इतका तू उतरला होतास. शाळेपाशी आल्यावर मी गाडी थांबवली. वारा नव्हता. खाली उतरून बाजूचं दार उघडलं आणि उभी राहिले. शेवटी एवढंच म्हटलं, अल्विना, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तू माझ्याकडे यायला निघाली होतीस. डोळा बरा आहे. पण तू यायची राहिलीस. आता चल.

दार लावलं, परत येऊन बसले. माझ्या गाडीला कुणी कधी हात लावलेला नाही, हाल्वर. गादी नाही, दिवे नाहीत, कारखान्यातून आली तशी आहे. बाजूचा लाल दिवा लागला होता. माझ्या कानांना ती बारीक टिंग टिंग ऐकू येत नाही, पण दिवा दिसतो. मी तिचा पट्टा लावला. मग सगळा रस्ता मी बोलत होते, ऐकणारी असल्यासारखी. गुरांचं, तुझं, चर्चमधल्या नव्या पाद्र्याचं. विलिस्टनला पेट्रोल भरताना पंपावरच्या मुलीने काचेतून आत बघून विचारलं, तुमच्या शेजारी बसलेल्या बाईंना काही गरम हवंय का? मी दोन कॉफ्या घेतल्या. माझ्या अंगणात गाडी उभी केली तसा दिवा विझला, मी पट्ट्याला हात लावण्याआधी.

भीती वाटली का विचारशील. पंपावर वाटली. घरी नाही.

तुझ्यापासून तिला तोडली असं मनात आणू नकोस. ती तिथे घरी येत नव्हती, हाल्वर. रोज फाटकाशी उतरत होती आणि रोज पुन्हा त्या कुंपणाशी थंडीत उभी राहत होती, कारण तू न्यायला येत होतास. तू येत राहिला असतास तर एखाद्या वादळात तूही तिथेच उभा राहिला असतास.

गुरं शेजाऱ्याच्या हवाली कर आणि शनिवारी निघ. हवा मोकळी आहे. शाळेपाशी थांबू नकोस, सरळ ये. पाहुण्यांची खोली मी सध्या उघडत नाही, तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालेन.

माया आहेच. आम्ही दोघी वाट बघतो.

तुझी
रॅग्ना