मालक बाहेर गेलेत

पेठकिल्ला, रत्नागिरी
आश्विन वद्य ४, शके १८५५

चि. गंगारामभावजी यांस येसूवहिनीचे आशीर्वाद. कमळेला आणि पोरांना माझी आठवण सांगा. इकडे गुडघा सोडला तर मी ठीक आहे. तुमचं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नका. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा टाकावरची शाई वाळून गेली.

घर दाखवण्याजोगं करा असं लिहिलं होतंत, तसं केलं. पावसाने उखडलेलं ओटीपुढचं खळं दोन बायका लावून चोपून घेतलं, सारवलं. भिंतींना चुना दिला. गळत होतं तिथले छपरावरचे नळे बदलले. माजघरातली मोठी भांडी शेजारी नेऊन ठेवली, म्हणजे घर ऐसपैस दिसतं. इतकं लख्ख झालं की मीच दारात बिचकले. विकून टाकायचं घर एवढं चांगलं का करायचं, हे काही मला कळत नाही. राहायचं होतं तेव्हा कोणी चुना दिला नाही.

पहिलं गिऱ्हाईक चिपळूणचं. ओटीवर पाऊल ठेवायच्या आधीच त्याने विचारलं, पाणी कुठवर चढतं? मी म्हटलं, ते तुमच्या नदीचं. आमचा समुद्र त्याच्या जागेवर असतो. त्याला काही पटलं नाही. भिंतीला नाक लावून ओल हुंगली आणि चहा न घेता गेला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसरं गिऱ्हाईक परवा आलं. मुरुडचे भागोजी तांडेल आणि त्यांची बायको सोनूबाई. माणसं चांगली. त्यांचा जन्म गलबतावर गेला, आता मुलगा इथे बंदरावर कामाला आहे म्हणून त्याच्याजवळ घर बघतायत. मी ओटी, माजघर, पडवी, विहीर सगळं दाखवलं. भागोजींनी खांबावर हात फिरवला आणि फणसाचं लाकूड बरोबर ओळखलं. मग विचारलं, "मालक खंय हायत?"

भावजी, मी म्हणाले, "बाहेर गेलेत, येतीलच."

मुद्दाम नाही हो. बारा वर्षं दारात कोणी आलं की तोंडातून तेच निघतं. फेरीवाल्याला तेच, टपालवाल्याला तेच. पण भागोजींनी ते खरं धरलं. "मग बसताव आमी. मालकाबिगर घराची बोली करू नये," असं म्हणून ओटीवर मांडी घालून बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आत जाऊन भात टाकला.

दुपार झाली. पानं मांडली. तर भागोजी म्हणतात, मालक येऊ देत, त्यांच्या पंक्तीलाच बसू. ही रीत मलाही ठाऊक होती आणि मीच त्यात सापडले. म्हटलं, त्यांना कधीकधी उशीर होतो, तुम्ही बसा. नाही म्हणाले. बांगड्याचं कालवण निवलं, पुन्हा ऊन केलं, पुन्हा निवलं. आणि तुम्हाला खरं सांगते, तिसऱ्यांदा चुलीवर ठेवताना मीही दाराकडे बघितलं. तीन माणसं मिळून वाट बघायला लागली की येणारा आलाच पाहिजे, असं मला वाटून गेलं.

शेवटी सोनूबाई आत आली. "गो बाय, मालक गेलंत तरी खंय?"

मी म्हणाले, बसऱ्याला. शके १८४३च्या कार्तिकात.

ती पाटावर बसली. मग मी सगळं सांगितलं. आगबोटीवर खलाशी होते, बसऱ्याच्या बंदरात उतरले ते बोटीवर परत चढले नाहीत, एवढंच खलाशांच्या सारंगाने येऊन सांगितलं. मेल्याची खबर नाही, जगल्याचं पत्र नाही. इतकं तुम्हालाही माहीत आहे. पण तिला मी पुढचंही सांगितलं, आणि परक्या बाईला सांगितलं ते तुमच्यापासून चोरून ठेवणं बरं नाही. ते निघाले तेव्हा घरावर नुकते नळे चढले होते. मी म्हटलं, आता जाऊ नका. ते म्हणाले, एकच खेप, दारांच्या पैशापुरती. मी संतापले आणि बोलले, जा, आणि नाही आलात तरी चालेल, घराचं माझं मी बघेन. त्यांनी ट्रंक उचलली आणि ते धक्क्यावर गेले. मी पोचवायला गेले नाही.

म्हणून मुंबईला या, या, असं तुम्ही दरसाल लिहिलंत आणि मी दरसाल काहीतरी सबब काढली. कमळेचा दोष नव्हता त्यात. तुमच्या दादांना पत्ता एवढाच ठाऊक आहे, आणि येऊ नका म्हणणारी मी दारात दिसले पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सोनूबाईने भागोजींना सांगितलं. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्यांनी हात धुतले, दोघं जेवली, कालवण चांगलं झालंय म्हणाली. मग भागोजी म्हणाले, "वयनी, घर आमच्या मनात भरलंय. तुमी खुशाल मुंबईला जावा. आमी म्हातारी माणसं, दिसभर ओटीवरच बसणार. तुमचे मालक आले तर जेवू घालू नि तुमचा पत्ता देऊ. माझा शबूद. फक्त कसे दिसतात तेवढं सांगून ठेवा. नायतर वळखायचं कसं?"

इतका साधा तोडगा. बारा वर्षांत मला तो सुचला नव्हता. माझ्या अंगातला ताप उतरल्यासारखं झालं आणि मी सांगायला बसले.

म्हटलं, उंच. सोनूबाई म्हणाली, यांच्याएवढे? मला सांगता येईना. नाक? सरळ, म्हटलं, मग वाटलं ते माझ्या वडिलांचं. गालावर वण होता. डाव्या की उजव्या, ते काही केल्या ठरेना. त्यांचा खोकला मी अजून दहा माणसांत ओळखेन. बोटांची राठ पेरं आठवतात. मला शिकवताना पाटीवर अक्षर कसं ओढायचे ते आठवतं. पण चेहरा नाही. डोळे मिटले तर तुमचा येतो, भावजी. लोक म्हणायचे दोघं भाऊ सारखे. सारखे होतात, की मीच आता तुमचा त्यांना लावून दिलाय, ते मला कळत नाही. फोटो तर आपल्या घरात कोणाचाच नाही.

मग भागोजी म्हणाले, सावकाश आठवा, आमी दिवाळीपत्तूर थांबताव. परवापासून मी आठवते आहे, आणि जितकं आठवावं तितकं पुसट होत चाललंय.

तुम्ही लिहिलंत, कार्तिकात बारा वर्षं पुरी होतात, दर्भाचा पुतळा करून विधी उरकू, मग घराचा कागद मोकळा होईल. करा. मी आता अडवत नाही, घरही त्यांनाच देऊ. पण त्या पुतळ्याला नाकडोळे नसतात. मला त्याच्यासमोर बसायचं आहे. कोणासाठी रडायचं ते मला माहीत नको का?

म्हणून उलट टपाली एवढंच लिहा, तुमचे दादा दिसायला कसे होते. वण कुठल्या गालावर होता ते आधी लिहा. तुम्हालाही आठवत नसेल तर तसं लिहा, पण माझ्या समाधानासाठी काही रचू नका.

नावाआधी काय लावावं, सौभाग्यवती की दुसरं काही, ते आज ठरत नाही. नुसतीच,

येसू