मामांच्या गाडीचा डावा डोळा

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (उजवा आता जिना चढू देतो म्हणे, ऐकून बरं वाटलं.) आई ठीक आहे. मी ठीक नाही. रविवारी गिऱ्हाईक तुमची स्पोर्ट्स गाडी बघायला येणार, दोन्ही दिवे वर-खाली झालेच पाहिजेत, हे तुमचं पत्र आलं तेव्हापासून मी त्या गाडीच्याच मागे आहे.

खरं सांगते, रागावू नका. "आठवड्यातून एकदा तरी चालू करत जा," असं बजावून तुम्ही किल्ली दिलीत त्याला अकरा वर्षं झाली. पहिले तीन आठवडे केली. मग गाडीवर चादर आली, चादरीवर गाद्या, गाद्यांवर आईची बंद पडलेली शिलाई मशीन (दोन आहेत, दोन्ही बंद). ते सगळं उतरवलं, बॅटरी नवी घातली, पेट्रोल बदललं. इंजिन खोकत खोकत सुरू झालं. दिव्यांचं बटण ओढलं तर उजवा बॉनेटमधून सावकाश वर आला आणि डावा ढिम्म. गाडी डोळा मारतेय असं वाटून मीच लाजले.

हे दिवे विजेच्या मोटरने उठत नाहीत. इंजिन हवा ओढतं, ती ओढ बारीक नळ्यांतून दिव्यामागच्या डब्यात पोचते आणि डबा दिव्याला उचलतो. नळीला चीर पडली की खेळ संपला. आता मी दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या तोंडातली थुंकी नळीने ओढणारी बाई. मला हे कळायला नको? पण घाईत अक्कल गहाण ठेवली आणि फिशटँकची मऊ नळी बसवली. ओढ लागताच ती चपटी झाली आणि धडधाकट उजवाही झोपला.

शेवटी दवाखान्यातली जाड नळी घातली (डॉक्टरांना विचारून, शंका नको). तरी डावा अर्ध्यावरच. मग डब्याला नळी लावून मी स्वतः तोंडाने ओढलं. अकरा वर्षांची धूळ घशात गेली, पण दिवा बोटभर हलला. म्हणजे डबा शाबूत, गळती दुसरीकडे. ती आईने शोधली. कुकरची रिंग गेलेली तिला बाहेरच्या खोलीतून कळते. चाकाजवळ कान लावून म्हणाली, इथे फुसफुसतंय. तीही नळी बदलली.

एवढं करून रविवारी गिऱ्हाइकासमोर डावा उठला नाही तो नाहीच. गृहस्थांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तोंड वाकडं केलं आणि गेले. मला माफ करा.

तुमची,
कामाला न आलेली भाची

ता. क. आई विचारते, गुडघ्याला तेल लावता की नुसती बाटली जपता?

आणखी एक ता. क. राहवत नाही म्हणून लिहिते. शनिवारी दोन्ही दिवे एकदम उठले होते. आई बघत राहिली. म्हणाली, "दादा आधी दिवे उघडायचा, मग खालून शीळ घालायचा." आणि रडायला लागली. रविवारी गिऱ्हाईक फाटकाशी आलं तेव्हा चाकाजवळची नळी मी उपसली. (आईने उपसली असं लिही, दादा मला काही बोलणार नाही, असं आई सांगतेय. पण मीच.) गाडी विकू नका, मामा. दर आठवड्याला चालू करीन हे कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीच या बघायला. स्टेशनवर घ्यायला मी येते, दोन्ही डोळे उघडून. (नळी परत लावली आहे. तीनदा तपासली. पाकीट चिकटवण्याआधी पुन्हा एकदा बघून येते.)