दिलेल्या बैठकीचा वारा

४ डिसेंबर

आज देवळाली प्रवऱ्याला श्रीमंतच्या वस्तीवर येऊन पोचलो. नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो, मागोमाग बायको रंगुबाई गेली, आणि त्या दोन खोल्यांत भांड्याला भांडंसुद्धा लागेनासं झालं. इथं उतरल्या उतरल्या सूनबाईनं, म्हणजे श्रीमंतच्या बायकोनं, सुकन्यानं, पायावर पाणी घातलं, पिठलं-भाकरी वाढली. म्हणाली, तात्या, परक्यावानी मागून घ्यायचं न्हाई, घरच्यावानी भांडून घ्यायचं. मी म्हटलं, भांडायला दात लागतात पोरी, माझे मोजकेच उरलेत.

श्रीमंत हा माझ्या जिवलग काकासाहेबाचा पोरगा. काकासाहेबानं आणि मी तरुणपणी डुकरांच्या मागं रानं तुडवली. तो गेला, पण पोरानं ओळख ठेवली. परवा फोनवर म्हणाला, तात्या, रानडुकरांनी मका लोळवली. शेतराखणीची बंदूक हाय, परवानगीचा कागदबी हाय, पण जनावर आधीच सावध हुतं. वारा बघायची विद्या आमच्या वडलांसंगं गेली, आता तुमच्यापाशीच हाय. या, राहा थोडं दिस.

या वयात कुणी विद्या मागतंय म्हटल्यावर पिशवी भरायला कितीसा वेळ लागणार.

भोवतालचा ऊस तुटून गेलाय. नदीच्या अंगाला एकच फड उभा आहे. रानातलं सगळं जनावर त्यात दडलंय म्हणतात.

६ डिसेंबर

शिकवणी सुरू केली. विद्यार्थी दोन, श्रीमंत आणि त्याचा मेहुणा कल्याण.

ओलं बोट वर धरलं की ज्या बाजूनं गार लागतं तिकडून वारा. पण ते आपलं ढोबळ माप. त्यापेक्षा चिमूटभर बारीक माती सोडावी, तीही हात गुडघ्याइतका खाली नेऊन. उसाचा शेंडा बघून फसू नये. शेंड्याचा वारा वेगळा, जनावराच्या नाकाशी वाहतो तो वेगळा. वारा अगदीच मंद असेल तर गोवरीची राख जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून झटकावी, धुरासारखी जाते. सगळ्यांत नामी म्हणजे रुईची म्हातारी, तिच्या बोंडातला उडता कापूस. हळूच सोडायची आणि कुठं अडखळते, कुठं वळते ते बघत राहायचं. कल्याण म्हणाला, म्हातारी नादी लावायला तात्याच पायजे. लई हसलो.

दिवस मावळताना इथं गार हवा उतारानं नदीकडं सरकते. म्हणजे फडाच्या नदीकडच्या अंगाला बसावं. वरच्या अंगाला बसलं तर आपला वास सरळ फडात.

आमच्या शिकारी टोळीचा रिवाजही सांगितला. सगळ्यांत थोराची बैठक इतरांनी ठरवायची आणि त्यानं ती मुकाट घ्यायची. त्या जागेचा वारा तपासायचा नाही. तपासला तर देणाऱ्यावर भरवसा नाही असं होतं. काकासाहेबानं मला कधी वाईट जागा दिली नाही. श्रीमंतनं हा रिवाज पुन्हा विचारून घेतला. बरं वाटलं, पोराला जुन्याची कदर आहे.

८ डिसेंबर

माझं बनियन सापडेना. सदराही नाही. सुकन्या म्हणाली, वाऱ्यानं उडालं आसंल. उरलेले कपडे ती धूत नाही. साबणाचा वास जनावराला कळतो, तुमीच म्हनला व्हता ना, म्हणाली. खरंच आहे. श्रीमंत आणि कल्याणचे कपडे मात्र तिनं धुऊन कडुनिंबाच्या धुरावर धरले.

गोठ्याच्या मागं लहान मुलीची सायकल दिसली, गुलाबी. विचारलं तर सुकन्या म्हणाली, आमच्या दिशाची, ती मामाकडं गेलीया. आणि भाकरी तव्यावर जळेपर्यंत उभीच राहिली.

मामा म्हणजे कल्याण, तो तर माझ्या शेजारी बसून जेवत होता. दुसरा कुणी मामा असेल.

१० डिसेंबर

बनियन सापडलं. फडाच्या कडेला खुंटीला बांधलेलं. तिथून वर आलो तर सदरा, तसाच खुंटीवर. त्याच्याही वर, उघड्या रानात, उसाच्या पाचटाची नवी खोप. तिथं माझं अंथरुणातलं घोंगडं.

सदऱ्याच्या खाली माती दबलेली. खुरं नाहीत. गोल पाऊल, वाटीएवढं. नख उमटलेलं नाही.

श्रीमंत म्हणाला, बुजगावणी हायत तात्या. मग हसला. त्याचे डोळे बापासारखे आहेत, म्हणून मीही हसलो.

११ डिसेंबर

दूध न्यायला येणारा अमृत आज मला बांधावर थांबवून बोलला. दिवाळीत बिबट्यानं दिशाला अंगणातून नेलं. पिंजऱ्यात शेळी बांधून झाली, तो शेळीकडं बघतही नाही. त्याला आता मान्साची चटक हाय तात्या, म्हणाला. तुमी कुनाच्या भरवशावर आलाव?

मला त्याचाच राग आला. लेकरू गेलेल्या घरावर काहीबाही बोलतो.

श्रीमंतला विचारलं, हे मला का नाही सांगितलंस? तो रडला. माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, तुमी भ्याला असता. उद्या डुकरासाठी बसू, मग नागापूरला सोडतो.

अशा माणसाशी वाद काय घालायचा. सुकन्यानं आज तूप वाढलं, वाटीभर. माझ्याकडं बघितलं नाही.

१२ डिसेंबर, दिवस कलताना

बैठक मिळाली. ती खोप.

मोबाईल घरी ठेवायला लावला, वाजेल म्हणून. मागून जनावर येऊ नये म्हणून कल्याणनं मागं आणि दोन्ही अंगांना बाभळीच्या काट्या लावल्या, तारेनं आवळल्या. तोंड फक्त फडाकडं उघडं. मी रिवाजाला धरून गप्प बसलो. गप्प बसलो—

पण घोंगड्याला रुईची एक म्हातारी चिकटली होती. सोडली.

ती सरळ गेली. सदऱ्यावरून. बनियनावरून. फडात.

पुन्हा माती सोडली. तिकडंच.

डुकरासाठी कुणी माणसाला वाऱ्याच्या वर बसवत नाही. हे त्या दोघांना येतं. मीच—

काट्या हलत नाहीत. हात फाटले. समोरून निघावं तर फडाच्याच तोंडी जायचं.

श्रीमंत दिसतोय. फडाच्या कडेला, नदीच्या अंगाला, कडुनिंबावर. धुरावर धरलेले कपडे. बंदूक मांडीवर. हाक मारली. त्यानं ऐकली. तोंडावर बोट ठेवलं.

पोरा, नुसतं विचारायचं होतंस. तुझ्या दिशासाठी मी आपणहून बसलो असतो. रंगुबाईमागं माझं कोण रडणार होतं? पण तू पाया पडलास आणि—

पाचट वाजलं. सदऱ्यापाशी.

सदरा खाली पडला.

श्रीमंत बंदूक उचलत नाही. बघतोय, पण उचलत नाही. त्याला घाई नाही. जनावर धावताना नेम चुकतो. तोंडात घास धरला की मात्र ते एका जागी—