एकोणसत्तर इंच

१९ मे २००३, सोमवार

फळी बसली नाही. एक इंच लांब! चौघांनी उचलली, दोन दगडी खांबांच्या मधे घालून पाहिली, आणि पुन्हा ओसरीवर आणून टाकली. मी दिवसभर चहा करत होते.

पप्पा खुर्चीत बसून इंग्रजीत पुटपुटत होते. एकतीस वर्षं कुन्नूरला मळ्याच्या साहेबाच्या बंगल्यात बटलर होते. तिथल्या फायरप्लेसवरची लाकडी फळी रोज सकाळी पुसायचे. तिला ते मँटल म्हणतात, धोंडू सुतार ‘चुलीवरची फळी’ म्हणतो. आता पप्पांना स्वतःच्या घरात स्वतःचं मँटल हवंय. मालवणात – मे महिन्यात! गाव हसतं. मलाही हसायला आलं असतं, पण मी इथेच राहते.

२० मे

आज कळलं, चूक नव्हती. धोंडूने मुद्दाम केलं. पप्पांनी माप दिलं होतं अडुसष्ट इंच. सुतारांचा हिशोब असा की मापाला आठाने भागायचं, बाकी विषम उरली तर शुभ. ‘बाये, अडुसष्टाक बाकी चार उरता. चार म्हणजे कुत्रो. घरात रोज वसवस. म्हणान एकोणसत्तर केलंय. बाकी पाच – बैल. बैल बरो.’

पप्पा म्हणाले, ख्रिश्चनाच्या घरात कसला कुत्रा नि कसला बैल, काप एक इंच. धोंडूने करवत पिशवीत घातली. ‘कॉस्मेबाब, तुमच्या हातान कापा. माझो बापूस वयल्यान बघता.’

शेवटी ठरलं की दगडच तासायचा, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच. त्यासाठी लवू गवंडी हवा. लवू देवगडला गेलाय.

२२ मे

पत्र पुन्हा वाचलं. कणकवली, मुलींचं वसतिगृह, रेक्टरची जागा. राहायला खोली. सोमवार ९ जूनला सकाळी अकरापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावणार.

पप्पांना सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘मँटल बसांदे, मग जा. ह्या लोकांका चाय कोण देतलो?’

मी छत्तीस वर्षांची आहे. आधी आईचं दुखणं, मग भावाचं, क्लेटनचं, लग्न, मग छप्पर. आता ही फणसाची फळी. क्लेटन मस्कतहून फोनवर म्हणतो, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. तो निर्धास्त आहे!

२५ मे

लवू नाही.

२७ मे

लवू आला. दिवसभर छिन्नी. भातात दगडाची पूड, केसांत पूड, आईच्या फोटोवर पूड. पण जागा झाली. धोंडू म्हणाला, उद्या बसवू.

२८ मे

बसवली नाही. पप्पांनी फळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. कुन्नूरला कड गोल होती. ही टोकदार. पुन्हा रंधा, पुन्हा पॉलिश, म्हणजे तीन दिवस तरी गेले.

स्वयंपाकघरात येऊन मी पेडवे माशांच्या पातेल्यावर झाकण आपटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. रंधा चालू होता.

३० मे

पॉलिश वाळलं. पण आज शुक्रवार – येशूच्या मरणाचा वार, पप्पा नवं काम करू देत नाहीत. उद्या अमावास्या, धोंडू लाकडाला हात लावणार नाही. परवा रविवार. ह्या दोघांच्या देवांनी मिळून माझा आठवडा खाल्ला.

२ जून

आज पप्पांना पॉलिशचा रंग काळपट वाटला. उतरवायला सांगितला.

मग मी बोललेच. धोंडूसमोर. म्हटलं, तुम्हाला फळी बसवायचीच नाहीये. बसली की मी जाईन, म्हणून रोज एक खोड काढताय. माझा आवाज इतका चढला की मलाच नवल वाटलं. धोंडू खिळे वेचायला खाली बसला.

पप्पा हळूच म्हणाले, ‘मी तुका आडवलंय काय गो?’

नाही अडवलं. कधीच नाही. दाराला कडी कुठे होती? हेच तर मला सहन होत नाही.

४ जून

दोन दिवस अबोला. जेवण वाढते, ते जेवतात. ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवतात. आजवर कधी ठेवलं नव्हतं.

६ जून, शुक्रवार

बसली!

सकाळी पप्पा स्वतः चालत धोंडूच्या घरी गेले आणि त्याला घेऊन आले. धोंडूच घाबरला, म्हणाला, आज शुक्रवार तुमचो. पप्पा म्हणाले, ‘शुक्रवार तर शुक्रवार. सोमवारी चेडवाक जावचा आसा.’

मी दारात उभी होते. हातात चहाचा ट्रे.

काळपट पॉलिशसकटच लाकूड घट्ट गेलं. शेवटी दोन टोले फक्त. धोंडूने पाणसळ लावली आणि मान डोलावली. पप्पांनी फडक्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळी पुसली, पाठ ताठ करून – साहेब येणार असल्यासारखी. मग ते फडकं माझ्या हातात न देता स्वतःच धुवायला घेऊन गेले. मला रडू आलं. का ते कळत नाही. मी जिंकले ना?

७ जून

बॅग भरली. चार साड्या, प्रमाणपत्रं, आईची जपमाळ. भरायला वीस मिनिटं लागली. छत्तीस वर्षांचं एवढंच.

पप्पांनी आज चहा केला. साखर जास्त होती. विचारलं, बरो आसा? मी म्हटलं, बरा आहे. मग त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं – तांदूळ कुठे, गोळ्या कोणत्या, गॅसचा नंबर. अक्षर सुरेख, बटलरचं. प्रत्येक ओळीखाली रेघ मारली. माझी त्यांना गरज पडणार नाही, हे सगळं एका पानात मावलं.

सकाळी सातची एसटी. सोमवारी.

८ जून, रविवार

चर्चमधली मिस्सा झाल्यावर घरी न येता धोंडूकडे गेले. म्हटलं, फळी डावीकडे उतरलीय, उद्या सकाळी सातलाच येऊन काढायला लागेल. तो म्हणाला, ‘बाये, मी पाणसळ लावून तीनदा बघलंय. सरळ आसा.’

मी म्हटलं, पप्पांना पसंत नाही.

‘बरा,’ धोंडू म्हणाला.