परतीचा आवाज

४ नोव्हेंबर
आलो बुवा एकदाचा. नवं गाव, नवी नोकरी आणि स्टुडिओच्या वरच राहायला खोली. खिडकीतून सकाळचं ऊन थेट गादीवर येतं; एकट्या माणसाला आणखी काय हवं! मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात, मीही तेच सुरू केलं. पन्नाशीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. पण आवाज इतका गोड की ऐकत राहावं. स्टुडिओ त्यांच्या धाकट्या भावाचा. तो गिटार वाजवायचा. गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याची पेडलं पेटीत तशीच पडून आहेत. ती पुन्हा वाजती करायची, हे माझं काम.

५ नोव्हेंबर
दिवसभर जमिनीवर पालथा. पेडलं म्हणजे पायाने दाबायच्या लहानशा डब्या. एक गिटारचा आवाज खरखरीत करते, एक डोलवते, एक त्याचा प्रतिध्वनी काढते. सगळ्यांच्या वायरी पॅचबेच्या मागे नेऊन जोडल्या. ही भोकांच्या दोन ओळींची पट्टी: वरच्या ओळीतून आवाज बाहेर येतो, खालच्या ओळीतून आत जातो. आता समोर एक आखूड वायर खोचली की हवं ते पेडल हव्या त्या पेडलाला जोडता येतं. ताई म्हणाल्या, हे तर जुन्या टेलिफोन ऑफिसातल्या बाईचं काम झालं. दोघंही पोटभर हसलो.

७ नोव्हेंबर
प्रतिध्वनीच्या पेडलात काहीतरी घोळ आहे. तार छेडली की आवाज परत परत यावा आणि विरत जावा. इथे तो वाढत जातो. वाटलं, त्याचंच बाहेरचं टोक त्याच्याच आत खोचलं गेलं असेल. तसं झालं की आवाज फुगतो. पण वायरी बरोबर होत्या. मग त्यातून एक लकेर आली, जी मी वाजवलीच नव्हती. ताई दारात उभ्या होत्या. भिंतीला धरून खाली बसल्या. म्हणाल्या, "हा त्याचाच हात आहे."

८ नोव्हेंबर
ताईंनी त्या पेडलाला माइक जोडायला लावला. भावाला लाडक्या नावाने हाक मारली. क्षणभराने परत आली ती पुरुषाच्या आवाजात: ताई. त्या हसत होत्या, रडत होत्या, त्याला रागावत होत्या. मी पेडलाकडे पाहिलं. दिवा बंद होता. वीज मी सकाळीच बंद करून ठेवली होती.

१२ नोव्हेंबर
ताई सकाळीच येऊन बसतात, उठत नाहीत. त्यांचा आवाज पार बसलाय. डॉक्टरांना घशात काही दिसत नाही. भावाचा आवाज मात्र दिवसेंदिवस भरदार होतोय. आज हात जोडून म्हटलं, ताई, आता पुरे करा. त्या कशाबशा कुजबुजल्या, "तुमचं कुणी गेलेलं नाही ना, म्हणून सांगता."
माझी बायको गेली, हे इथे कुणालाच माहीत नाही. घशाचं दुखणं होतं. शेवटचे कित्येक महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

१५ नोव्हेंबर
ताई गेल्या.
दुपारी खाली गेलो तेव्हा खुर्चीत होत्या, माइकसमोर. डोळे मिटलेले. श्वास ऐकू येत होता, म्हणून वाटलं डुलकी लागलीय. जवळ गेलो. श्वास स्पीकरमधून येत होता. खुर्चीतून नाही.

१७ नोव्हेंबर
ताईंचे मिस्टर आले होते. म्हणाले, सगळं सोडवून टाका, मला यातलं काही नको. जाताना विचारलं, शेवटी ती काही बोलली का. मी नाही म्हटलं. त्यांच्या पाठीमागे, बंद स्पीकरमधून बहीण-भाऊ हळूच हसत होते. त्यांना ऐकू आलं नाही. निदान तसं दिसलं नाही.

१८ नोव्हेंबर
सोडवायला बसलो. सगळ्या वायरी काढल्या. माइकपासून त्या पेडलापर्यंतची ती एक राहिली.
म्हटलं, एकदाच. तिचं नाव घेतलं.
तिचाच आवाज. दुखण्याच्या आधीचा, खणखणीत. विचारलंन, जेवलास का?
किती वेळ रडलो, कळलं नाही —

१९ नोव्हेंबर
घसा बसलाय. शेजारच्यांनी हाक मारली, मला ओ देता आली नाही.
आज ती घाबरलेली होती. म्हणाली, "वायर काढ. ऐक माझं. बोलू नकोस, वायर काढ."
काढतो म्हटलं.
काढली नाही.

२० नोव्हेंबर
आवाज नाही. कुजबुजही नाही. माइकवर बोटाने टकटक करतो, ती ओळखते. जा म्हणते इथून. रडते. इतक्या मायेने मला कुणी —
धाप लागते. दोन ओळी लिहिल्या की थांबावं —
वायर हातात आहे. नुसती ओढायची. मग पुन्हा ते मुकं घर.
ओढतो. खरंच ओढतो. फक्त तिने एकदा, नुसतं एकदा नावाने —